कोनफळी टायसाठी स्थळ

आमच्या कॉलनीतले देवरे काका टायांची लग्नं लावतात.

हे वाक्य मी पूर्ण शुद्धीवर लिहितो आहे. टाय म्हणजे गळ्यात बांधतात तीच, आणि लग्न म्हणजे शर्टाच्या खिशात खोचायच्या रुमालाशी. काकांचं शास्त्र साधं आहे. टाय ती, रुमाल तो. दोघं एकाच कापडातले नकोत, कारण मग ते बहीणभाऊ झाले. पण दोघांचं पटलं मात्र पाहिजे. पटणारा रुमाल मिळाला की काका दोघांना साडीच्या प्लास्टिक पिशवीत एकत्र घालतात, लोखंडी कपाटात ठेवतात आणि हात झटकून म्हणतात, "चला, हिला उजवली!" ज्यांचं जमायचं आहे त्या मागच्या खोलीत दोरीवर लटकत असतात. त्या खोलीचं नाव उपवर खोली.

नाशिकच्या सिडकोत आमच्या रांगेत शेवटचं घर त्यांचं. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, मूळचे सटाण्याकडचे. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी, गळ्यात टाय आणि खिशात रुमाल. एवढ्या सरंजामात ते दूध आणायला जातात. कोट कधीच नाही. "नाशकात कोट घालायचा म्हणजे कांद्याला स्वेटर घालायचा," असं ते म्हणतात. टाय बांधलेली असली की काका पुस्तकी मराठी बोलतात. भावना अनावर झाल्या की टाय असो वा नसो, सटाण्याची अहिराणी बाहेर येते.

आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात. त्या वर्षी जवळच्या एका इंग्रजी शाळेनं भर एप्रिलात पोरांना टाय सक्तीची केली होती. गळ्याभोवती घामोळ्यांच्या माळा घेऊन पोरं घरी येत होती आणि पालक मात्र शिस्त, शिस्त म्हणून माना डोलवत होते. मी आणि आमच्या संघटनेनं पत्रक काढलं : "गळ्यातला साहेब उतरवा! टाय हा गुलामगिरीचा पट्टा आहे!" घरोघरी वाटलं. दुसऱ्या दिवशी देवरे काका ते पत्रक घेऊन आमच्या दारात उभे. त्यावर लाल शाईनं दुरुस्ती केलेली.

"पत्रकवाले तुम्हीच का?"

"मीच. काही आक्षेप?"

"व्याकरणाचा. टाय हा नाही, टाय ही. गाय, साय, सोय, टाय. सगळ्या बायका."

मी असल्या गोष्टीत माघार घेणारा नाही. म्हणालो, "पाय? न्याय? दोन्ही पुल्लिंगी आहेत."

"म्हणून तर दोन्ही लंगडत चालतात," काका म्हणाले. "अहो, टाय पुल्लिंगी धरली तर मी इतक्या वर्षांत लावलेली लग्नं कायद्यात बसायची नाहीत."

मला वाटलं, माणूस सटकलेला आहे. तरी पत्रकवाल्याचा धर्म म्हणून निवेदनाचा कागद पुढे केला. शाळेतल्या टाय इलॅस्टिकच्या असतात हे कळल्यावर काकांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्यासमोर लहान पोराला मारलं.

"इलॅस्टिकची? गाठ तयार शिवलेली? ती टाय नाही, तो शेळीच्या गळ्यातला दोर आहे! सही कुठं करू?"

आमच्या निवेदनावर सर्वांत मोठी सही त्यांची होती. उन्हाळ्यापुरती शाळेनं माघार घेतली. टायविरोधी आंदोलनाचा विजय आम्ही कॉलनीतल्या सर्वांत टायवेड्या माणसाच्या घरी चहा पिऊन साजरा केला आणि तेव्हापासून मी लिहितानाही टायला स्त्रीलिंगीच लिहितो. हरलो म्हणून नव्हे. पटलं म्हणून.

या टाय त्यांनी कुठून जमवल्या, ते ऐका. दुकानातून एकही नाही. दुकानातली टाय म्हणजे त्यांच्या मते "जाहिरात देऊन आलेलं स्थळ." त्यांच्या टाय आणल्या त्या बोहारणींनी. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या बायका दुपारी कॉलनीत यायच्या. सगळं गाव कपडे देऊन भांडी घ्यायचं, काका भांडी देऊन बोहारणीच्या बोचक्यातली टाय घ्यायचे. औषध कंपनीच्या एजंटांच्या, हॉटेलातल्या वेटरांच्या, एखाद्या बँडवाल्याची जरीची. देवरे काकू होत्या तेव्हा त्या दारात कंबरेवर हात ठेवून ओरडायच्या, "अहो वहिनी, बघा! माझ्या चहाच्या पातेल्याची टाय केली या माणसानं!" आणि अर्ध्या तासानं त्याच टायला कुठला रुमाल शोभेल ते सांगायच्या. काकूंची रंगाची नजर तेज होती. अंजिरी आणि आमसुली यांतला फरक त्या अंधारातही सांगायच्या असं आई म्हणते.

एकूण टाय किती, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "लेकी मोजू नयेत." त्यांना मूलबाळ नव्हतं आणि म्हणून हे वेड, असं कॉलनीतले लोक एकमेकांना समजावून सांगतात. हे असलं कट्ट्यावरचं मानसशास्त्र मला मान्य नाही. ज्यांना मुलं आहेत ते काय कमी वेडे आहेत?

उलट मी म्हणेन, सुधारणेच्या बाबतीत हा माणूस अख्ख्या कॉलनीच्या पुढे होता. एका टायचा रुमाल धोब्याकडे हरवला. काकांनी महिन्याभरात तिला दुसरा रुमाल बघितला. "पुनर्विवाह," ते ठणकावून म्हणाले. येवल्याच्या पैठणीच्या तुकड्यातला रुमाल आणि मालेगावच्या मागावरच्या कापडाची टाय, हे लग्न तर त्यांनी पेढे वाटून लावलं. जात नाही, धर्म नाही, हुंडा नाही. आम्ही वर्षानुवर्षं पत्रकं काढून जे बोंबलत होतो, ते या गृहस्थानं कपाटात करून दाखवलं होतं. कॉलनीतले मान्यवर मात्र पत्रिका, देणंघेणं आणि पोटजात यांच्यावर खल करत बसलेले. धिक्कार असो.

पत्रिका काकाही पाहायचे, पण त्यांची रीत अशी : रुमालाच्या कापडाचा एक धागा उपसायचा, दारात सकाळच्या उन्हात टायवर आडवा ठेवायचा आणि हातभर लांबून बघायचं. धागा टायमध्ये दिसेनासा झाला तर जमलं. दिसला तर नाही. "ट्यूबलाइटखाली स्थळ बघू नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. ही नजर त्यांनी मलाही शिकवली. मी शिकलो कारण मला फुकट मिळणारं कुठलंही शिक्षण सोडायचं नाही असं माझं धोरण आहे.

काकू गेल्या. पुढे बोहारणीही कमी झाल्या, लोक जुने कपडे बाइक पुसायला वापरू लागले. नव्या टाय येईनात आणि जुन्या एकेक उजवून कपाटात गेल्या. शेवटी उपवर खोलीतल्या दोरीवर एकच राहिली. कोनफळी रंगाची. कोनफळ कापलं की आत जो जांभळा दिसतो तो. ना वांगी, ना जांभूळ. त्या रंगाचा धागा असलेलं कापड काही केल्या मिळेना. काका येवल्याला जाऊन आले, मालेगावला जाऊन आले. पैठणीवाले झाले, मागवाले झाले. "एवढी एक उजवली की मी सुटलो," ते म्हणायचे.

मग एके दिवशी कॉलनीतल्या बायकांचं शिष्टमंडळ आमच्या घरी आलं. पुढे कुलकर्णी वहिनी.

"तुम्ही एवढी आंदोलनं करता ना? मग आधी या देवऱ्यांचं काहीतरी करा. दुपारी पुरुषमाणसं कामावर गेली की हा माणूस बेल वाजवतो आणि म्हणतो, वहिनी, तुमचे ब्लाउजपीस दाखवता का?"

मी ताडकन उठलो. स्त्रियांच्या सन्मानाचा प्रश्न होता. ओळखीचा असला म्हणून काय झालं? तसाच चपला घालून शेवटच्या घरी गेलो आणि दारातच जाब विचारला. काकांनी चष्मा काढला.

"अहो पत्रकवाले, वर्षानुवर्षं न शिवलेले ब्लाउजपीस प्रत्येक घरात पेटी भरून असतात. ओटीत आलेले, आहेरात आलेले. एवढे रंग येवल्याच्या पेठेत पण नाहीत. त्यातला एखादा हिला पटला तर?"

त्यांनी दोरीवरची कोनफळी टाय दाखवली. मी त्यांना सुनावलं की हेतू चांगला असला तरी प्रश्न विचारायची पद्धत घातक आहे. आधी टाय दाखवायची, मग पेटी मागायची. परत जाऊन बायकांना खुलासा दिला. त्या आधी हसल्या, मग एकमेकींकडे बघू लागल्या आणि आठवड्याभरात कॉलनीतली पेटीन् पेटी उघडली गेली. काका हातात टाय घेऊन एकेका घरी जायचे. चहा व्हायचा, कापडं उलगडायची, काकूंच्या आठवणी निघायच्या. काकू होत्या तेव्हा त्यांच्या घरी हळदीकुंकवाला बायकांची रीघ असायची. त्या गेल्यावर त्या घरी जायचं कुणाला कारणच उरलं नव्हतं.

एक भानगड मात्र झाली. काकांची नजर पक्की आणि जीभ सैल. कुलकर्णी वहिनींच्या पेटीतला एक पोपटी खण हातात घेऊन ते म्हणाले, "अरे, हा तर मी पाटलांकडे पाहिला होता! आणि त्याच्या आधी काळेंकडे!" आहेराचे खण न शिवता पुढच्या घरी ढकलतात हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुणी बोलत नाही. काका बोलले. त्या संक्रांतीला तीन घरांतल्या बायकांनी एकमेकींना तिळगूळ दिला नाही.

पण खरा कहर झाला तो द्वारका चौकातल्या शिंप्याच्या दुकानात. काका रुमालांच्या कडा तिथे शिवून घ्यायचे. एकदा त्यांनी शिंप्याजवळ मन मोकळं केलं. "घरात आता एकच राहिलीय. लांबसडक आहे. रंग जरा गडद, पण अंगावर काय तेज! येवला बघितलं, मालेगाव बघितलं, कुठं जमत नाही. तुमच्या बघण्यात कुणी असलं तर पाठवा हो." शेजारी मुलाचा सूट शिवायला टाकायला आलेले चांदवडचे निकम बसले होते. त्यांनी शिंप्याकडून पत्ता घेतला. शिंप्यानं काकांना निरोप दिला : रविवारी चांदवडहून मंडळी येतायत.

काकांना वाटलं, कापड घेऊन येतायत. त्यांनी मला साक्षीला बोलावलं आणि कांदेपोहे केले, तेही कुकरमध्ये, कारण कढई कधीच टायच्या बदल्यात गेली होती.

जीपमधून निकम उतरले, त्यांच्या मंडळी उतरल्या, मुलाचा मामा उतरला आणि नव्याकोऱ्या सुटात घामानं निथळत मुलगा उतरला. मला वाटलं, कापडवाले एवढ्या थाटात येतात म्हणजे कापड भारी असणार.

पोहे खाऊन निकम म्हणाले, "मंग बोलवा की. बघू."

"आणतो. पण दारात उजेडात बघा हं," काका म्हणाले. "ट्यूबलाइटखाली खरा रंग कळत नाही."

निकमबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. निकम घसा खाकरून म्हणाले, "रंगाचं आमाला लय नाय. उंची काय हाय?"

"उंची चांगली. गाठ मारूनसुद्धा पट्ट्यापर्यंत येते."

"आं?" मामा म्हणाला. "वय?"

"आता खोटं कशाला बोलू? वय झालंय. पण फार वापरलेली नाही."

मामाच्या घशात पोह्यातला शेंगदाणा अडकला. मी त्याच्या पाठीवर थापटलं आणि थापटता थापटता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण तोवर काका पुढे गेले होते.

"एका हॉटेलात होती आधी. आमच्या बोहारणीनं आणली. मी एका पातेल्यावर घेतली."

"हॉटेलात!" निकम उभे राहिले. "पातेल्यावर! ओ देवरे, तुमी पोरगी दाखवताय का काय दाखवताय?"

"पोरगी? कोणती पोरगी? काय झायं भो?" काकांची अहिराणी सुटली. ते लगबगीनं आत गेले आणि ताटात ठेवलेली कोनफळी टाय घेऊन बाहेर आले. "ही काय!"

घरात जी शांतता पसरली तशी मी सभेत कुणी वारल्याची बातमी आल्यावरही ऐकलेली नाही. मामा मुठी आवळायला लागला. पहिला हसला तो मुलगा. खो खो हसला, सुटाची बटणं उघडून हसला. त्याला बहुधा इतक्यात लग्नच करायचं नव्हतं. मग निकम हसले, मग मामाला नाइलाजानं हसावं लागलं.

निकमबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ताटातली टाय उचलली, सरळ दारात नेली आणि उन्हात धरली. "रंग अवघड हाय," त्या म्हणाल्या. "पण माज्या लग्नातल्या वटीचा एक खण हाय, आसाच. कुठं घातलाय ते बघाया पायजे. घावला की धाडते." आणि काकांकडे वळून, "भाऊ, पोह्यात मीठ इसरलात."

काका त्या दिवशी कॉलनीभर सांगत फिरले की चांदवडचं स्थळ आलंय.

पुढे बरेच दिवस गेले. चांदवडला आमच्या संघटनेची सभा होती. सभा संपल्यावर निकमबाई गर्दीतून आल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तेवढं भाऊंना द्या. घावला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटच्या घरी गेलो. काकांनी पुडी सोडली. खण निघाला. मी काही रंगाचा पंडित नाही, पण तो खण त्या टायचाच होता हे मला पुडी पूर्ण सुटायच्या आधी कळलं.

काका लगेच आत गेले. टाय आणली, दारात चौरंगावर पसरली. ऊन चांगलं आलं होतं. त्यांनी खणातला एक धागा उपसला, टायवर आडवा ठेवला आणि आम्ही दोघं हातभर लांब झालो.

धागा नव्हता. मी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. बोट फिरवल्यावर लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता. मी आनंदानं ओरडणारच होतो. तेवढ्यात काकांकडे लक्ष गेलं. ते टायकडे बघतच नव्हते. ते मागच्या खोलीतल्या रिकाम्या दोरीकडे बघत होते.

"धागा दिसी ऱ्हायना," ते हळूच म्हणाले.

अहिराणीत ‘ऱ्हायना’ म्हणजे नकार नव्हे. दिसतोय, म्हणे.

मी आमदाराला भर सभेत खोटारडा म्हटलेलं आहे. तहसीलदाराच्या टेबलावर हात आपटून सांगितलेलं आहे की साहेब, तुम्ही धादांत असत्य बोलता. तेच वाक्य आता जिभेवर आलं होतं. हा खण पटला म्हणजे कपाटाचं दार लागणार. मग हा माणूस दुपारी कुणाची बेल वाजवणार, आणि काय सांगून? वहिनी, जरा बसू का, चहा द्या, बोला माझ्याशी, असं सांगून कुणाच्या घरात शिरायची आपल्याकडे सोय नाही. हातात टाय असावी लागते.

मी पुन्हा वाकलो. डोळे बारीक केले.

"हो काका," म्हणालो. "दिसतोय. किंचित लालसर मारतोय."

"लालसर!" काकांचा चेहरा खुलला. "बघा, नजर तयार झाली तुमची. निकमवहिनींना कळवा, अगदी थोडक्यात गेलं म्हणावं." त्यांनी खणाची घडी घातली, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. टाय दोन्ही हातांनी सरळ केली आणि दोरीवर नेऊन टाकली. मग आतूनच म्हणाले, "आणि आईला सांगा, गुरुवारी दुपारी येतो. तुमच्याकडची पेटी बघायची राहिलीय."

आमची पेटी त्यांनी दोनदा तळापर्यंत बघितली होती.

"राहिलीच आहे," मी म्हणालो. "शिवाय माळ्यावर अजून एक आहे, असं आई म्हणत होती."

आमच्या घराला माळा नाही.